बेरिलचे पुढचे ब्रेक

ब्रेक गेल्याचं मला कळलं तेव्हा बेरिल माझ्या हातात होती. म्हणजे माझ्या बायकोची राख.

आम्ही ती दहनगृहातून ताब्यात घेऊन नुकतेच परत आलो होतो. गाडी नोरीनची, चालवत होती नोरीनच. नोरीन म्हणजे बेरिलची धाकटी बहीण. राख द्यायला त्यांनी जांभळ्या रंगाची प्लॅस्टिकची बरणी दिली होती, फिरकीच्या झाकणाची. माझ्या मटणाच्या दुकानात काउंटरवर व्हिनेगरमधली अंडी असायची, त्याच मापाची बरणी. मी तसं बोललो तर नोरीनने आरसा नीट केला आणि घर येईपर्यंत रेडिओ लावून ठेवला.

घरी आल्यावर मी आधी गॅरेजकडे गेलो. बेरिल कुठूनही आली की आधी गॅरेजमध्येच जायची, चहा नंतर. दार वर केलं आणि आत बघत उभा राहिलो. फरशी झाडलेली. भिंतीवरचे खिळे मोकळे. कामाचा बाक पुसून लख्ख. मधोमध तिची जुनी कॉर्ली गाडी तेवढी होती तशी, कव्हराखाली, पुढून स्टँडवर उचललेली. बाकावर एक फ्रूट केक आणि त्याला टेकवून ठेवलेलं सांत्वनाचं कार्ड.

“चोरी झाली,” नोरीन म्हणाली.

“चोर केक ठेवून जात नाहीत.”

“मग कोण आलं होतं? मी तर फक्त डेसमंडला किल्ली दिली. गॅरेज बघून घेतो म्हणाला. मला वाटलं झाडूबिडू मारणार असेल.”

तेव्हा माझ्या लक्षात आलं. आमच्या नन्‌ईटनच्या कॉर्ली क्लबची ही रीत आहे. सभासद वारला की बाकीचे पंधरवड्याच्या आत त्याच्या घरी जातात आणि गॅरेज मोकळं करतात. बिचाऱ्या बाईला त्या लोखंडातलं काय कळणार, असा हिशोब. सगळे सुटे भाग घेऊन जायचे, धुवायचे, रंगवायचे आणि क्लबच्या टेबलावर विकून येईल ते विधवेला द्यायचं. ह्या कामाला बेरिलही जायची. घरी आली की सांगायची, विधवा रडत होती आणि डेसमंड पाने-पक्कडी मोजत होता. आतापर्यंत क्लबच्या सगळ्या विधवा बायका होत्या. मिशीवाली विधवा मी पहिलीच. पण रीत ती रीत.

मी बरणी बाकावर ठेवली आणि डेसमंडला फोन लावला. डेसमंड क्लबचा तांत्रिक सल्लागार. हे पद त्याने स्वतःच काढलं आणि स्वतःलाच दिलं.

“आर्नल्ड,” तो आवाज खाली आणून म्हणाला. “कसा आहेस बाबा? काही खाल्लंस की नाही?”

“केक बघतोय. माझे ब्रेक कुठेत?”

“कुठले ब्रेक?”

“कॉर्लीचे. पुढचे दोन कॅलिपर. बाकावर होते, मटण भाजायच्या ट्रेमध्ये.”

“ते होय. ते सुटे होते.”

“सुटे नव्हते. तिने सुटे केले होते. दुरुस्तीला.”

मग तो म्हणाला, “हे बघ, गाडीवर असेल ते गाडीचं आणि बाकावर असेल ते सुटं. हा क्लबचा पहिल्यापासूनचा नियम आहे.”

“गाडीचं कव्हर उचलून बघायचं की. चाकं नाहीत, ब्रेक नाहीत, नळ्या लोंबतायत.”

“मयत माणसाच्या गाडीचं कव्हर उचलत नाहीत, आर्नल्ड. बरं दिसत नाही ते.”

“आणि ट्रे नेला ते बरं दिसलं?”

“ट्रे परत देतो,” डेसमंड म्हणाला. “ब्रेकचं जरा अवघड आहे. आम्ही ते धुतले, घासले, काळे रंगवले. तीन हात मारले रंगाचे. आणखी दोघांच्या गॅरेजातला मालही त्यातच होता. आता एवढे छान झालेत की कुठला कुणाचा ओळखू येणार नाही.”

इथे मला बार्मथचं सांगायला हवं. इस्पितळात, अजून नीट बोलता येत होतं तेव्हा, बेरिलने मला बजावलं होतं, “मला कॉर्लीतून बार्मथला ने आणि समुद्रात टाक. नोरीनच्या गाडीतून नेऊ नकोस. त्या गाडीत नारळाचा वास येतो. त्यात घालून नेलंस तर बघ, उठून परत येईन.” बार्मथ वेल्सच्या किनाऱ्यावर आहे. आम्ही दर उन्हाळ्यात जायचो. गाडी ती चालवायची, मी शेजारी सँडविच धरून बसायचो आणि चढ आला की गप्प राहायचो. चढावर गाडीशी फक्त तिने बोलायचं असा दंडक होता.

मी तिला हो म्हटलं होतं. नंतर तिने बाकी काही मागितलं नाही.

नवे ब्रेक आणून बसवावेत तर ते मिळत नाहीत. आमची गाडी पहिल्या वर्षीची. कॉर्ली कंपनीने त्या वर्षी पुढे डिस्क ब्रेक दिले, म्हणजे चाकाबरोबर फिरणारी तबकडी आणि तिला दोन्हीकडून आवळणारा कॅलिपर, आणि पुढच्याच वर्षी नळीचे आटे बदलून टाकले. कॅलिपर बाहेरून तोच, ओतलेला आकडा तोच, पण नळी एकमेकांची बसत नाही. नंतर ती कंपनीही राहिली नाही. म्हणजे बेरिलचे तेच ब्रेक शोधायचे, नाहीतर पहिल्या वर्षीचे दुसऱ्या कुणाचे.

मी गाडीवरचं कव्हर काढलं, बरणी पुढच्या डाव्या सीटवर ठेवली आणि दोरीने सीटला बांधली.

“आर्नल्ड, हे काही बरं नाही दिसत,” नोरीन म्हणाली.

“बसू दे. जातेय कुठे? ब्रेक नाहीत.”

रविवारी सकाळी जुना बाजार होता. बंद पडलेल्या एका विमानतळाच्या धावपट्टीवर तो भरतो. मी गाडीवरची एक ब्रेकची नळी सोडवून कोटाच्या खिशात टाकली. नोरीन सोबत आली. तिला ह्यातलं काही आवडत नाही, पण मला एकट्याला सोडायचं नाही असं तिने ठरवलं होतं. आणि तिथल्या बेकन रोलबद्दल तिचं काही वाईट मत नव्हतं.

तिथले लोक हात पाठीमागे बांधून टेबलांपुढून चालतात. आपल्याला काय हवंय हे कुणी तोंडाने सांगत नाही, कारण सांगितलं की भाव चढतो. विकणारेही कमी नाहीत. हातातला भाग कशाचा हे माहीत नसलं की ते त्यावर ‘जग्वार’ अशी चिठ्ठी बांधतात. त्या बाजारात जग्वारचे म्हणून जेवढे भाग मी बघितलेत, तेवढ्या जग्वार गाड्या जन्माला आल्या असतील असं मला वाटत नाही. त्यातल्या निम्म्या चिठ्ठ्या डेसमंडच्या अक्षरात असतात. माझी त्याची कित्येक वर्षांची ओळख. ‘मला माहीत नाही’ हे वाक्य त्याच्या तोंडून मी कधी ऐकलं नव्हतं. एकदा त्याला आमच्या दुकानी आलेल्या बोकडाच्या मूत्रपिंडाबद्दल विचारलं, तर त्याबद्दलही त्याने दहा मिनिटं सांगितलं होतं.

क्लबच्या टेबलावर कॅलिपरचा ढीग होता. सगळे काळेकुळकुळीत, सगळे चकचकीत.

“बघ की,” डेसमंड म्हणाला. त्याचा जीव त्यांच्यात गुंतला होता. “फॅक्टरीतून पण असे निघाले नसतील.”

“ह्यातले बेरिलचे कुठले?”

“कॉर्लीचे ह्या बाजूला. ते कडेचे जग्वारचे.”

“कशावरून?”

“वजनावरून.”

मी नळी काढली आणि एकेक कॅलिपर उचलून तिचं टोक भोकात घालून फिरवायला लागलो. नंतरच्या वर्षातला असला की नळी अर्धा फेरा जाऊन अडते. जबरदस्ती केली तर आटे मरतात, म्हणून अडली की कॅलिपर खाली ठेवायचा. आपला असला की ती बोटांनीच शेवटपर्यंत आत जाते. बेरिलने मला हे शिकवलं नव्हतं. ती करताना मी बघितलं होतं, आणि तेही मधेमधे, चहा घेऊन गेलो की.

शेजारच्या टेबलावरचा एकजण वाकून बघत होता. “काय राव, नळी घेऊन फिरताय. रक्तदाब तपासताय का?”

“बायकोला शोधतोय,” मी म्हटलं.

तो आपल्या टेबलाकडे वळला आणि तिथल्या पंपांची मांडणी सुधारायला लागला.

ढिगाच्या तळाशी एकात नळी गेली. बोटांनी, अगदी शेवटपर्यंत. मी ती काढली, परत घातली. तेच. नोरीनने रोल खायचा थांबवला. मग आणखी बरेच अडले आणि मग दुसरा मिळाला.

“झाली जोडी,” डेसमंड म्हणाला. त्याला माझ्यापेक्षा जास्त हायसं वाटलेलं दिसलं. “बघ, क्लबमध्ये काही हरवत नाही.”

“आणि हे काय?” नोरीनने टेबलावरच्या कापडावर बोट ठेवलं. तिथे एक काळा गोल डाग होता आणि डागाशेजारी एक सुटी चिठ्ठी, ‘जग्वार’ लिहिलेली.

“तिथला कॅलिपर सकाळीच विकला गेला. हॉलंडचा माणूस होता. ट्रेलर घेऊन आला होता. भलता खूश झाला.”

आम्ही दोन्ही कॅलिपर माझ्या भाजायच्या ट्रेमध्ये घालून घरी आणले.

पुढच्या शनिवारी डेसमंड कामाचे कपडे घालून आला. त्याला कुणी बोलावलं नव्हतं. मी चहा दिला. त्याने नवी रबरं घातली, पिस्टन बसवले, पॅड बसवले आणि दोन्ही कॅलिपर गाडीवर आवळले. दर नटागणिक त्याने मला त्या नटाचा इतिहास सांगितला. मग ब्रेकमधली हवा काढायची वेळ आली. त्याला तीन माणसं लागतात. एकाने पेडल दाबायचं, एकाने कॅलिपरवरचं निपल, म्हणजे हवा सोडायची तोटी, उघडायचं आणि मिटायचं, तिसऱ्याने तेलाची बाटली भरती ठेवायची. नोरीन पेडलवर बसली, बेरिलच्या शेजारी.

“दाब,” डेसमंड खालून म्हणाला.

“दाबलं.”

“धरून ठेव. सोड. आता दाब.”

“मी दाबूनच आहे.”

“सोड म्हटलं ना.”

“तू धरून ठेव म्हणालास.”

“तिच्याकडे बघू नकोस, पेडलकडे बघ.”

“मी हिच्याकडे कशाला बघू? हीच माझ्याकडे बघतेय असं वाटतंय मला,” नोरीन म्हणाली.

एका बाजूने बुडबुडे आले, मग स्वच्छ तेल आलं. दुसऱ्या बाजूने नुसतंच तेल. पण पेडल काही घट्ट होईना. कणकेच्या गोळ्यात पाय घातल्यासारखं ते थेट खाली जायचं. बाटली संपली, दुसरी आणली. डेसमंड म्हणाला मुख्य सिलिंडर गेला असेल. मग म्हणाला तेल जुनं असेल. मग म्हणाला नोरीनचा पाय पुरता पडत नसेल.

नोरीन खाली उतरली. “माझा पाय?”

“म्हणजे वजन कमी पडतं, असं म्हणतोय.”

“वजन कमी पडतं असं मला आजवर कुणी म्हणालं नाही, डेसमंड. जरा सरक.”

ती स्कर्ट सावरून फरशीवर बसली. आधी गाडीच्या डाव्या बाजूला, मग उजव्या. पुन्हा डाव्या बाजूला आली.

“ह्या बाजूची तोटी वरच्या अंगाला आहे,” ती म्हणाली, “आणि त्या बाजूची खाली, जमिनीकडे. ते मुद्दाम असतं का?”

मी वाकून बघितलं आणि मला एकदम समजलं. आयुष्यभर मी डुकरं फोडली. ट्रेमध्ये दोन डावे खांदे असले तर त्याचा अर्थ एकच, की डुकरं दोन होती. हे दोन्ही कॅलिपर डावे होते. डावा उजव्या बाजूला बसतो, पण उलटा बसतो, निपल खाली येतं. हवा वर चढते आणि तिथेच राहते, खालून फक्त तेल बाहेर येतं. ख्रिसमसपर्यंत पेडल मारलं असतं तरी ती निघाली नसती.

“मग ह्यातला बेरिलचा कुठला?” नोरीनने विचारलं.

त्याचं उत्तर डाव्या बाजूला खाली ठिबकत होतं. निपलमधून ओघळलेलं ब्रेक ऑइल कॅलिपरवर पसरलं होतं. ब्रेक ऑइल रंगाला खातं. डेसमंडचा तीन हातांचा काळा रंग दुधाच्या सायीसारखा सुरकुतायला लागला होता. नोरीनने चिंधी घेऊन तिथे घासलं, साय निघून आली आणि खाली अक्षरं दिसली.

बेरिलकडे लोखंडावर ठोकून अक्षरं उठवायचे छिन्नीसारखे ठसे होते. ती सगळ्यावर नाव ठोकायची. बागेतल्या फावड्यावर, माझ्या सुऱ्यांवर, जेवणाच्या डब्यावर. लग्नानंतर पहिल्या महिन्यात मी झोपताना पाय पांघरुणात घ्यायचो ते थंडीने नाही.

नोरीनने मोठ्याने वाचलं, “‘बेरिल. डावा.’ आणि खाली आणखी एक ओळ आहे.”

“काय आहे?” डेसमंडने विचारलं.

“‘जग्वारचा नाही.’”

मग मला हसू आलं. ते थांबेना, तेव्हा मी बाकाला धरून उभा राहिलो. नोरीन माझ्याकडे बघत राहिली. इस्पितळातून आल्यापासून मी तिच्यासमोर हसलो नव्हतो, रडलोही नव्हतो. आता दोन्ही एकदम चाललं होतं आणि थांबवायचं कसं ते मला कळत नव्हतं. तिने मला तीच तेलकट चिंधी दिली. मी तिनेच तोंड पुसलं.

उजव्या बाजूच्यालाही तेल लावून बघितलं. खाली काही नव्हतं, नुसतं लोखंड. तो दुसऱ्या कुणाच्या तरी गॅरेजातला.

“म्हणजे तिचा उजवा हॉलंडला गेला,” मी म्हटलं.

“त्याच्यावरही हेच लिहिलेलं असेल?” नोरीनने विचारलं.

“असणारच. तिने एकावर ठोकून दुसरा सोडला नसता.”

“आणि तो माणूस ब्रेकची हवा काढेल तेव्हा—”

“रंग निघेल,” डेसमंड म्हणाला. तो उपड्या बादलीवर बसला होता आणि चष्मा पुसत होता. “माझं कार्ड आहे त्याच्याकडे. मी स्वतःहून दिलं. म्हटलं, जग्वारचं काही लागलं तर विचारा.”

“मग तुला कुठून कळलं होतं तो जग्वारचा आहे ते?” मी विचारलं.

त्याने चष्मा लावला, परत काढला. “मला माहीत नव्हतं,” तो म्हणाला. “तो कशाचा होता ते मला माहीत नव्हतं.”

हे बेरिलने ऐकायला हवं होतं. गाडीचं दार तसं उघडंच होतं.

त्यानंतर डेसमंड उठला आणि ह्या वेळी काही न सांगता कामाला लागला. उजवा कॅलिपर त्याने नळीसकट सोडवला, पॅडच्या मधे लाकडाचा तुकडा अडकवला आणि माझ्या हातात दिला. “उलटा धर. निपल वर. हलू नकोस.” मी धरला. चांगल्या हॅमएवढं वजन होतं. नोरीन पेडलवर गेली. पहिल्याच दाबाला नळीतून बुडबुडे यायला लागले आणि येतच राहिले. मग तेल स्वच्छ झालं. डेसमंडने निपल मिटलं, कॅलिपर परत उलटा होता तसा बसवला.

“पेडल?” त्याने विचारलं.

“दगड,” नोरीन म्हणाली.

चाकं चढवून आम्ही गल्लीच्या टोकापर्यंत जाऊन आलो. मी चालवली. डेसमंड आणि नोरीन मागे बसले, कारण पुढची सीट भरलेली होती. कोपऱ्यावर मी मुद्दाम जोरात ब्रेक मारला. गाडी सरळ रेषेत थांबली. बरणी दोरीत जरा पुढे कलली आणि परत सीटला टेकली. परत येताना डेसमंड म्हणाला की दोन्ही डावे असले तरी ब्रेकला ते कळत नाही, फक्त हवा काढायच्या वेळी कळतं. ह्यावर त्याला आणखी बोलायचं असावं, पण तो बोलला नाही.

“मग येत्या शनिवारी?” नोरीनने उतरताना विचारलं. “मी सँडविच करते.”

मी म्हटलं, पाऊस सांगितलाय. पाऊस आला नाही. त्यापुढच्या शनिवारी मी टायरचं कारण काढलं. डेसमंडने बाजार भरवणाऱ्यांकडून हॉलंडच्या माणसाचा पत्ता मिळवला आणि त्याला कळवलं की तो जग्वारचा नाही, परत पाठवा. अजून काही उत्तर नाही. घरातला फोन वाजला की डेसमंड आधी बायकोला उचलायला लावतो, असं ऐकतो. मी नोरीनला सांगून ठेवलंय, उजवा आला की निघू. जोडी तिची होती, तिच्याच जोडीवर जाऊ.

“पण ब्रेक लागतात ना?” तिने विचारलं.

“लागतात.”

“मग ठीक आहे,” ती म्हणाली, आणि दुसरं काहीतरी बोलायला लागली. त्यानंतर तिने शनिवारचा विषय काढला नाही.

सकाळी चहा घेऊन मी गॅरेजमध्ये जातो आणि चालकाच्या जागेवर बसतो. पेडल दाबून बघतो. घट्ट असतं. बेरिल शेजारी असते, दोरीत. नोरीन आणि डेसमंड रविवारी बाजारात बेकन रोल खाताना दिसले, हे मी तिला सांगितलं. इंजिन चालू करत नाही.

पेट्रोल भरलेलं आहे, ब्रेक चांगले आहेत. बार्मथला जायचं राहिलंय.